टाकायासू आर्टरायटिस आणि बाळंतपण : कोणाला अनुभव आहे का? (गोवा)

सुरंगी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. मी डिचोलीची, वय २८. लग्नाच्या आधीपासून मला टाकायासू आर्टरायटिस आहे. म्हणजे हृदयातून निघणारी मोठी महाधमनी आणि तिच्या फांद्या यांच्या भिंतींना आतून सूज येते आणि हळूहळू त्या अरुंद होत जातात. माझ्या डाव्या हाताची नाडी लागतच नाही, उजव्याची लागते पण अगदी बारीक. अंबाडा घालायला हात वर धरले की खांदे भरून येतात, मध्ये थांबून परत धरावे लागतात. गोळ्या म्हणजे प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड, आता ५ मिग्रॅवर आलंय), प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन. गेलं वर्षभर तब्येत तशी बरी आहे.

आता आम्हाला मूल हवंय. सासूबाई वाईट नाहीत, उलट गोळी घेतलीस का म्हणून त्याच विचारतात, पण त्यांना कोणीतरी सांगून ठेवलंय की असल्या आजारात बाई बाळंतपणातून उठत नाही, आणि इकडे माझी आत्या म्हणते की मूल झालं की अंगातले सगळे रोग धुवून जातात. डॉक्टरांनी 'प्लॅन करून करा, आत्ता नको' एवढं सांगितलं, पण मागे रांग एवढी होती की पुढचं विचारायचं राहूनच गेलं. प्लॅन म्हणजे नेमकं काय करायचं असतं? बाळाला धोका किती, मला किती? कोणी यातून गेलंय का?

चवथीची करंजी
सुरंगी, मला यातलं ओ की ठो कळत नाही पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय. रापणकार डॉक आहेत ना इथे, बोलवा कोणीतरी त्यांना.

बाबल
ताई घाबरू नकोस. माझ्या ओळखीत एकीला असंच रक्ताभिसरणाचं काहीतरी होतं, तिने सगळ्या इंग्लिश गोळ्या बंद करून सहा महिने काढे घेतले आणि पंचकर्म केलं, आता दोन मुलं आहेत. स्टिरॉइड अंगात असताना बाळ ठेवणं म्हणजे विषाची परीक्षा. आधी शरीर शुद्ध कर.

रापणकार
बाबल, राग मानू नका, पण 'असंच काहीतरी' यावर एखादीला गोळ्या बंद करायला सांगू नका हो. कित्येक महिने घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं तर आजार उसळतोच, शिवाय शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवायचं विसरलेलं असतं त्यामुळे माणूस कोसळू शकतो.

सुरंगीताई, मी गोव्याचाच, सध्या पुण्यात फिजिशियन आहे. तुमचा रिपोर्ट न बघता तुमच्यापुरतं मी काही सांगणार नाही, पण चित्र काय असतं ते सांगतो. १९०८ साली जपानमध्ये मिकितो टाकायासू नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका तरुण बाईच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्या विचित्र दिसतात असं सांगितलं, तिथून हे नाव. बहुतेक पेशंट बायकाच आणि बहुतेकींना चाळिशीच्या आत, म्हणजे नेमक्या मुलंबाळं होण्याच्या वयात. त्यामुळे तुमचा प्रश्न अजिबात जगावेगळा नाही.

तुमच्या सासूबाईंना सांगा की 'बाई उठत नाही' हे खरं नाही, बऱ्याच जणींची बाळंतपणं नीट पार पडतात. आत्यांना सांगा की रोग धुवून बिवून काही जात नाही. सहसा गरोदरपणाने हा आजार भडकत नाही आणि दिवस राहायलाही त्याची अडचण येत नाही. खरा त्रास देतात त्या आधीच अरुंद होऊन बसलेल्या रक्तवाहिन्या. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्के वाढतं, हृदयाला जास्त पंप करावं लागतं, आणि ते सगळं रक्त त्याच अरुंद वाटांमधून न्यायचं असतं. मग बीपी चढतं, प्रीएक्लॅम्प्सिया होतो म्हणजे बीपीबरोबर लघवीतून प्रोटीन जायला लागतं, कधी यकृत किडनीवर येतं, वारेला रक्त कमी पोचलं की बाळ वजनाने मागे राहतं, कधी दिवस भरायच्या आधी काढावं लागतं. गर्भपाताचा धोकाही इतरांपेक्षा जास्त. आईच्या बाजूने बघाल तर हार्ट फेल्युअर, स्ट्रोक आणि महाधमनी कुठे फुगलेली असेल तर ती फाटणं, या तीन गोष्टींची भीती. त्या कमी जणींत होतात पण होतात.

आणि इथे भारताचा एक वेगळा मुद्दा आहे. जपानी पेशंटमध्ये छातीतल्या कमानीच्या फांद्या जास्त धरतात, आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि किडनीच्या रक्तवाहिन्या धरण्याचं प्रमाण जास्त. किडनीची रक्तवाहिनी अरुंद झाली की किडनीला वाटतं अंगात दाबच कमी आहे, ती रेनिन हे बीपी चढवणारं द्रव्य सोडत राहते आणि सगळ्या अंगाचं बीपी वर. त्यामुळे तुमच्या किडनीच्या रक्तवाहिन्या कशा आहेत हे डॉक्टरांना पहिलं विचारा.

सुरंगी
डॉक, खूप धन्यवाद, कोणीतरी नीट सांगितलं एकदाचं. किडनीचं आठवत नाही, सीटी अँजिओ झाली होती तेव्हा फाईलमध्ये काहीतरी होतं, शोधते. बीपी माझं घरच्या मशीनवर कायम १०० च्या आसपासच असतं. म्हणजे ती बाजू तरी ठीक ना?

कुळागर
थांब गो बाय!! कुठल्या हातावर घेतेस तू बीपी?

मी रिटायर्ड स्टाफ नर्स, सत्तरी तालुक्याच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्म गेला माझा. तू स्वतः लिहिलंयस की डाव्या हाताची नाडी लागत नाही आणि उजव्याची बारीक. मग त्या हातावर १०० येणारच. हाताला जाणारी रक्तवाहिनीच खांद्यापाशी अरुंद झालीय तर पट्टा त्या हातात पोचलेलं बीपी दाखवणार, हृदयापाशी आणि मेंदूत काय चाललंय ते त्याला कसं कळणार? खाजनातल्या (नदीकाठच्या खाऱ्या शेतातल्या) मानशीचं, म्हणजे पाणी आत सोडायच्या फाटकाचं, दार अर्धं पडलेलं असताना शेतात काठी बुडवून नदीला भरती किती आली ते मोजल्यासारखं ते.

आमच्याकडे एक मुलगी ANC ला (गरोदरपणातल्या तपासणीला) यायची, नाव गाव सांगत नाही. दर वेळी हातावर ९८/६०, कार्डावर दर महिन्याला तेच, सगळे खूश. सहाव्या महिन्यात डोकं दुखतं आणि डोळ्यापुढे चांदण्या येतात म्हणून आली. हाताला परत ९८. नवीन आलेली डॉक्टर पोरगी हुशार, तिने मनगटाची नाडी बघितली तर नाहीच, मग पायाला बघूया म्हणाली. आमच्याकडे मांडीचा मोठा पट्टा कपाटात पडून होता, कोणी वापरायचं नाही, त्याची धूळ झाडून आणला. मुलीला कुशीवर वळवलं, पट्टा मांडीला बांधला, गुडघ्याच्या मागच्या खळगीत स्टेथो धरला. १९० च्या वर. मी परत घेतलं, परत तेच. १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलावून बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पाठवली. मुलगी आणि बाळ दोघं वाचली, पण त्या दिवसानंतर नाडी हाताला न धरता मी कोणाचं बीपी घेतलं नाही.

तेव्हा पहिलं काम, चारी हातापायांचं बीपी घेऊन बघ.

रापणकार
कुळागरताईंना साष्टांग नमस्कार. या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद हाच आहे, माझा नव्हे.

थोडी भर घालतो. साधारण माणसात पायाचं वरचं बीपी हातापेक्षा १० ते २० ने जास्त असतं, त्यामुळे पायाचा आकडा वाचायचा कसा ते डॉक्टरांना ठरवू दे. आणि पोटातली महाधमनीच अरुंद असेल तर उलटं होतं, पायाचं कमी आणि हाताचं खरं. दोन्हीकडे अडथळा असेल तर कुठलाच पट्टा खरं बोलत नाही, मग कॅथेटर टाकून महाधमनीच्या आतला दाब मोजतात आणि तो चारांपैकी कुठल्या ठिकाणच्या आकड्याशी जुळतो ते बघून ठेवतात. हे सगळं दिवस राहायच्या आधी व्हायला हवं. एकदा कळलं की 'या पेशंटचं बीपी फक्त उजव्या पायाला घ्या' असं फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून घ्या. रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये जी कोणी असेल तिला तुमचा इतिहास माहीत नसतो.

सुरंगी
घरात मांडीचा पट्टा नाहीये, पण हे वाचून हातपाय गार पडले. टेल्मिसार्टन मग कशाच्या आधारावर चालू आहे देव जाणे. उद्याच फोन करते.

मोगरा
सुरंगी, मी फोंड्याची, मलाही टाकायासूच. माझी मुलगी आता शाळेत जाते. लांबलचक लिहितेय, सहन करा.

माझ्या एका किडनीची रक्तवाहिनी बरीच अरुंद होती. डॉक्टर म्हणाले आधी तिथे फुगा घालून ती मोठी करू, मग बघू. ते झाल्यावर बीपीच्या गोळ्या निम्म्यावर आल्या. मग आजार शांत आहे हे किमान सहा महिने दिसलं पाहिजे अशी अट, त्यात माझी मधेच सूज परत वाढली, परत पहिल्यापासून मोजायला सुरुवात. मला तेव्हा सगळ्यांचा राग यायचा, बरोबरच्या मैत्रिणींची बारशी चाललेली आणि मी सीआरपीचे (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे) रिपोर्ट घेऊन फिरतेय. आता वाटतं बरं झालं थांबले ते.

गोळ्या सगळ्या बदलल्या. मेथोट्रेक्सेट बंद आणि त्याच्या जागी ऍझाथायोप्रिन, प्रेडनिसोलोन कमी डोसवर तसंच चालू ठेवलं. बीपीची गोळी बदलून लॅबेटालॉल, पुढे त्यात निफेडिपिन. तिसरा महिना संपता संपता ऍस्पिरिन छोट्या डोसात. पाचव्या महिन्यापर्यंत मी इतकी मजेत होते की हे सगळं उगाच घाबरवतात असं वाटायला लागलं. सातव्यात सोनोग्राफीत बाळाचं वजन मागे पडलं, डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) दर आठवड्याला, मग बीपी चढलं आणि लघवीत प्रोटीन. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली आणि आठवा संपायच्या आत सिझेरियन. मुलगी दीड किलोच्या थोडी वर, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) काचेच्या पेटीत. नर्स मला वाटीत दूध काढून द्यायला सांगायची, वाटीचा तळ जेमतेम ओला व्हायचा आणि ती म्हणायची एवढंपण खूप झालं तिला.

आता मुद्द्याचं. मिठाचं मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, आपल्याकडे पावसात सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर आणि खारवलेले बांगडे रोज पानात असतात, लोणचं वेगळं. आईने डोहाळे म्हणून डबाभर किसमूर आणली आणि मी आठवडाभर तीच खाल्ली. पाय सुजून चपला बसेनात. त्यानेच बीपी वाढलं असं मी म्हणत नाही पण डॉक्टरने कपाळाला हात लावला.

चवथीची करंजी
मोगरा, वाचून डोळ्यात पाणी आलं. लेकीला खूप खूप प्रेम. (अवांतर: किसमूर बंद म्हणजे पावसाळ्यात खायचं तरी काय गं बाईने.)

मोगरा
करंजी, ताजा मासा खाल्ला की सगळा, फक्त खारवलेलं नाही. पेज आणि बिनमिठाची भाजी, तोंड वेडंवाकडं करत.

पात्रांव
मी इथे सहसा राजकारणाच्या धाग्यांवर भांडायला असतो, पण हा प्रश्न खरा आहे म्हणून विचारतो. बायकोला हाच आजार आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे, आणि परवा टेस्ट पॉझिटिव्ह आली. आम्ही ठरवलेलं नव्हतं. आई म्हणते देवाने दिलंय तर ठेवा, मित्र म्हणतो लगेच पाडा. काय करायचं?

रापणकार
पात्रांव, आजच्या आज ज्यांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं त्यांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. पुढची गोळी घेण्याआधी बोला. मेथोट्रेक्सेटने गर्भपात होऊ शकतो आणि बाळात व्यंग राहू शकतं हे खरं, म्हणूनच ते किमान एक ते तीन महिने आधी बंद करतात. पण एकदा संपर्क आला म्हणजे प्रत्येक बाळात व्यंग येतंच असं नाही, त्यामुळे 'लगेच पाडा' हा निर्णय मित्राने घ्यायचा नाही आणि 'ठेवा' हा आईने घ्यायचा नाही. किती डोस, शेवटची गोळी कधी, किती आठवडे झालेत यावर बरंच अवलंबून. फॉलिक ऍसिडचा डोस डॉक्टर सांगतील, पुढे नीट तपशिलात सोनोग्राफी लागेल, आणि सगळं समजून घेतल्यावर बायकोला काय हवंय ते तिला ठरवू द्या. बाकीच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, खासकरून स्टिरॉइड.

ओघात बाकी औषधांचंही सांगतो कारण व्यनित (खाजगी निरोपांत) तेच येतंय. मायकोफिनोलेट किमान सहा आठवडे आधी बंद. सायक्लोफॉस्फामाइड अर्थातच नाही. लेफ्लुनोमाइड अंगात फार काळ राहतं, त्याला धुवून काढायचं वेगळं औषध देतात. सुरंगीताई, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीवर परिणाम होतो आणि गर्भजल कमी होतं. गंमत म्हणजे बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना एनालाप्रिल चालतं. प्रेडनिसोलोन आणि ऍझाथायोप्रिन पाजतानाही चालतं.

पात्रांव
फोन केला. उद्या सकाळी बोलावलंय. आभारी आहे डॉक.

अबोली
सगळ्यांनी चांगलं लिहिलंय पण दुसरी बाजूही इथे असावी म्हणून लिहिते. माझं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. मला आजार आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. तापासारखं अंग तापणं, वजन उतरणं, चालताना पोटऱ्या दुखणं, हे सगळं वर्षभर होतं आणि सगळे म्हणायचे रक्त कमी आहे. निदान नंतर झालं. आता आजार शांत आहे, आम्ही दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही. नाही ठरलं तरी चालेल असं आम्हा दोघांना वाटतंय. कृपया 'पुढच्या वेळी नक्की होईल' असं लिहू नका.

कुळागर
अबोली, वाचलं गो.

रेइशमागूश
माझे दोन प्रश्न. एक, हा आजार बाळाला होतो का? दोन, नॉर्मल डिलिव्हरी होऊच शकत नाही का? आमच्या ओळखीत सगळे सिझेरियनच म्हणतात.

रापणकार
एक. थेट आईकडून बाळाला जात नाही. एचएलए बी ५२ नावाच्या जनुकाशी थोडं नातं दिसतं पण एकाच घरात दोघांना होणं फार दुर्मिळ.

दोन. होऊ शकते. आजार शांत, बीपी हातात, महाधमनी फुगलेली नाही, हृदयाची झडप गळत नाही, असं असेल तर नॉर्मल करतात. एपिड्युरल देतात म्हणजे कळांनी बीपी उडत नाही, आणि शेवटी आईला फार जोर लावायला न देता व्हॅक्यूम किंवा फोरसेप्सने मदत करतात. पण मानेतल्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर उलट बीपी फार पडूनही चालत नाही, मेंदूला रक्त कमी पडतं, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठव्या महिन्यातच भेटून ठेवावं. रक्तस्राव थांबवायला एरवी सर्रास देतात ते मिथाइल एर्गोमेट्रिन या पेशंटना टाळतात, त्याने बीपी एकदम चढतं. आणि स्टिरॉइडवर असलेल्या बाईला प्रसूतीच्या वेळी जादा डोस लागू शकतो.

बाळंत झाली म्हणून गाडी लगेच सुटत नाही हेही लक्षात ठेवा. पहिले काही दिवस बीपी परत चढू शकतं, प्रीएक्लॅम्प्सिया बाळंतपणानंतरही होऊ शकतो. बाळंतिणीचं डोकं फुटेस्तोवर दुखतंय तर शेक-शेगडी बाजूला ठेवून आधी बीपी.

आणखी एक, गरोदरपणात ईएसआर (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) एरवीही वाढलेलाच असतो, त्यावरून आजार उसळला असं समजून घाबरू नका. सीटी आणि पेट स्कॅन आधीच उरकून घ्यायचं, पोटात बाळ असताना डॉपलर, इको आणि लागलंच तर रंगाचं इंजेक्शन न देता एमआरआय.

मोगरा
राहण्याचं लिहायचं राहिलं. शेवटचे दोन महिने मी ताळगावला मावशीकडे राहिले. जीएमसीत हृदयाचे, किडनीचे, बाळाचे सगळे डॉक्टर आणि एनआयसीयू एकाच आवारात, आणि फोंड्याहून रात्री निघण्यापेक्षा तिथून दहा-पंधरा मिनिटं. काणकोण, सांगे, पेडण्याच्या मुलींनी तर याचा विचार कराच. जुवारीचा नवीन पूल झाल्यापासून दक्षिणेकडून येणं सोपं झालंय पण अंतर ते अंतरच. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) रिन्यू आहे का तेही आधी बघा, आमचं नेमकं संपलेलं आणि नवरा ऐन वेळी झेरॉक्स काढत फिरत होता. दुसरं मत हवं असेल तर वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलात टाकायासूवर बरंच काम झालंय, मी एकदा जाऊन आले, बाकी सगळं इथेच.

सुरंगी
फाईल सापडली. सीटीत दोन्ही हातांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद, डावी जवळजवळ बंद, किडनीच्या दोन्ही चांगल्या, पोटातली महाधमनी चांगली. काल दाखवून आले. पायाला बीपी घेतलं तर १५८/९६ निघालं, दोनदा घेतलं. डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले चला, इथून सुरू करू. इको आणि डोळ्यांचा पडदा तपासायला लिहून दिलंय. मेथोट्रेक्सेट पुढच्या महिन्यात बंद करून ऍझाथायोप्रिन, बीपीची गोळी तेव्हाच बदलायची, आणि मग सहा महिने आजार शांत राहतो का बघायचं. तोपर्यंत दिवस राहू नयेत म्हणून कॉपर टी सुचवलीय, बीपी असलेल्यांना नेहमीच्या मिश्र गोळ्या चालत नाहीत म्हणे. सासूबाई बरोबर होत्या, त्यांनीच विचारलं की मग हिला भात किती द्यायचा, डॉक्टर हसले.

कुळागरताई, मांडीचा पट्टा विकत घ्यायचाय. मेडिकलमध्ये विचारलं तर त्याने मोठ्या दंडाचा पट्टा पुढे केला. तो चालेल का?

कुळागर
मोठ्या दंडाचा नको. मांडीचा घेर टेपने मोजून घे आणि त्या मापाचा माग. मशीनच्या कंपनीचा मांडीला चालणारा पट्टा मिळाला तर ठीक, नाहीतर दुसऱ्या कंपनीचा जोडू नकोस, आकडा चुकतो. नाहीच मिळाला तर पोटरीला बांधून घेतात, पण मग दर वेळी पोटरीलाच, आणि आडवं पडून, बसून नव्हे. पहिल्यांदा मशीन घेऊन दवाखान्यात जा, त्यांच्या आकड्याशी जुळतो का बघ. वहीत तारीख, वेळ आणि कुठला पाय ते लिही. पणजीला सर्जिकलच्या दुकानात मिळेल, डिचोलीत शोधत बसू नकोस.